संडेस्कूलचा हॉल अर्धगोल का बांधायचे?

मुग्धा_गिरगाव:
माझी मामेबहीण ओहायोत असते, तिने गावातल्या जुन्या बॅप्टिस्ट (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) चर्चचे फोटो पाठवलेत. चर्चला चिकटूनच संडेस्कूलचा (रविवारी मुलांना धर्माचे धडे देतात, त्याचा) हॉल आहे आणि तो चक्क अर्धगोल! मध्ये मोकळी जागा, समोर छोटं स्टेज आणि भोवती दोन मजल्यांवर निमुळत्या खोल्या, प्रत्येक खोलीला घडीची लाकडी दारं. उजेड सगळा वरून, छताजवळच्या खिडक्यांतून. आपल्याला चर्च म्हटलं की कुलाब्याचं अफगाण चर्च आठवतं, लांबट, उंच मनोरा, रंगीत काचा. हे असं का बांधलं असेल? कोणी आर्किटेक्चरवाले आहेत का इथे?

चुना_वीट:
ह्याला अ‍ॅक्रन प्लॅन म्हणतात. अ‍ॅक्रन ओहायोतलंच. तिथे लुइस मिलर नावाचा कारखानदार होता, कापणीची यंत्रं बनवायचा (पुढे एडिसनचा सासरा झाला), तो मेथडिस्ट ह्या दुसऱ्या पंथाच्या चर्चचं संडेस्कूल चालवायचा आणि त्याने जेकब स्नायडर ह्या आर्किटेक्टला हाताशी धरून १८७०च्या आसपास असा हॉल बांधून घेतला, मग बॅप्टिस्ट वगैरे बाकीच्यांनीही उचलला. कारण म्हणाल तर टाइमटेबल! आधी सगळ्यांची एकत्र गाणी-प्रार्थना, मग वयाप्रमाणे वर्ग, मग परत सगळे एकत्र, आता एवढी पोरं उठवून इकडून तिकडे न्यायची म्हणजे त्यातच वेळ गेला. इथे कोणी जागचं हलत नाही, नुसती दारं ओढायची की वर्ग, उघडली की हॉल. आणि प्रत्येक खोलीचं तोंड स्टेजकडे हवं, म्हणून अर्धगोल. खोल्यांनी तिन्ही बाजू अडवल्यावर मधल्या जागेला उजेड वरूनच आणावा लागणार ना.

सदू_दादर:
आमच्या शाळेत गॅदरिंगला तीन वर्गांमधली घडीची दारं उघडून हॉल करायचे, तेच हे. फक्त आमचं चौकोनी.

भायखळा_स्लो:
मुग्धाताई, बॅप्टिस्टांचं अजून एक आहे. ते तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत, माणसाने समजून-उमजून स्वतः विश्वास कबूल केला की मगच, तोही पूर्ण पाण्यात बुडवून. म्हणजे मूल चर्चमध्ये वाढतं पण मेंबर नसतं. मधली ती सगळी वर्षं कुठे जायची, तर संडेस्कूलमध्ये! त्यामुळे ही खोली त्यांच्याकडे मागची अडगळ नसते. इंग्लंडमध्ये तर १७८५ साली विल्यम फॉक्स ह्या बॅप्टिस्ट डीकननेच (चर्चचा कारभार बघणारा सेवक) गावोगावी संडेस्कूलं काढायला सोसायटी काढली, कारण आठवडाभर कामावर जाणारी पोरं लिहावाचायला रविवारीच मोकळी. तिथल्या चॅपलच्या (छोट्या प्रार्थनाघरांच्या) शाळाखोल्या मात्र बऱ्याचदा साध्या लांबट, चॅपलच्या मागे नाहीतर खाली तळघरात. फोटोत चर्चच्या व्यासपीठाखाली फळ्या निघतात का बघायला सांगा, पाण्याचा हौद बहुतेक वेळा तिथेच असतो.

चुना_वीट:
+१. आणि हॉल आणि चर्चच्या मधलं पार्टिशनही सरकतं का ते बघा, गर्दीच्या रविवारी ते उघडून दोन्हीकडची माणसं एकत्र बसवायचे.

खडूस_काका:
ऐकायला छान, पण लाकडी दारातून शेजारच्या वर्गाचा आवाज येणार नाही होय? हे चाललं कारण सगळ्या वयांना त्या रविवारी एकच धडा असायचा, १८७२ पासून तसा नियमच झाला. १९०८ला वयाप्रमाणे वेगळे धडे आले आणि एकत्र बसण्याचं कारणच संपलं. मग नेहमीचे चौकोनी वर्ग बांधायला लागले. असे हॉल पुष्कळ ठिकाणी पाडले, नाहीतर पक्क्या भिंती घालून ऑफिसं केली. ह्यांची दारं शाबूत असतील तर नशीब म्हणायचं.

मुग्धा_गिरगाव:
बहिणीला विचारलं. हौद आहे, व्यासपीठाखालीच. खालच्या मजल्याची दारं अजून सरकतात, वरच्या खोल्यांत खुर्च्या आणि नाताळचं सामान भरलंय. चर्चच्या बाजूला जमिनीत लांब खाच आहे पण पार्टिशन नाही, तिथे पक्की भिंत आहे. काका, ही भिंत नंतरची हे कशावरून ओळखायचं?

खडूस_काका:
वरची चौकट बघा म्हणावं. लाकडी तुळई भिंतीत मध्येच दिसत असेल तर भिंत नंतरची.