असुरक्षित संबंधानंतरची भीती : तुमचं काय झालं ते लिहा

गेल्या वर्षी एकदा कंडोमशिवाय संबंध आला आणि पुढचे तीन महिने एचआयव्हीच्या भीतीत मी कसे काढले हे घरात कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा कुणीतरी मराठीत स्वतःचं लिहिलेलं वाचायला मिळायला हवं होतं, म्हणून हा धागा. नाव-गाव नको.

माझ्यापासून सुरुवात. चौथ्या दिवशी घसा धरला. मग मोबाइलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघायची सवयच लागली, ऑफिसातसुद्धा. जांघेतल्या गाठी इतक्यांदा चाचपल्या की चाचपूनच दुखायला लागल्या. शेवटी एड्सच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ला फोन केला. फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात जायला सांगितलं. तिथल्या समुपदेशक ताईंना मी लक्षणं सांगत सुटलो, आणि त्या एकच विचारत होत्या : "तारीख कुठली?" ताप, घसा, जुलाब यांवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, तपासणीच करावी लागते, आणि तीही संबंधानंतर ठरावीक दिवस गेल्यावर. पहिली निगेटिव्ह आली, तीन महिन्यांनंतरचीही. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलो असतो तर २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या मिळू शकल्या असत्या, हे मात्र तिथेच कळलं.

सायली_व
मला अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज सुटली. डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लग्न झालंय का?" मी "नाही" म्हणाले आणि पुढचं काही बोलूच शकले नाही. न तपासता गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट तपासलं : बुरशीचा संसर्ग. तो संबंध न येताही होतो. तरी त्यांनी बाकीच्या तपासण्या करून घेतल्या, आणि ते बरंच झालं. पहिल्या बाईंचा राग अजून गेलेला नाही.

नाव नको
माझी भीती खरी निघाली, म्हणून लिहितोय. साधारण तीन आठवड्यांनी शिश्नावर एक फोड आला, फुटून त्याची जखम झाली. कडा कडक, पण दुखत अजिबात नव्हती. दुखत नाही म्हणून मी निश्चिंत. महिन्याभरात आपोआप भरलीसुद्धा. मग तळहातांवर लालसर डाग आले, खाज नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी व्हीडीआरएल ही रक्ततपासणी करायला लावली. सिफिलिस निघाला, संबंधातून पसरणारा आजार. पेनिसिलिनचं इंजेक्शन कमरेत घेतलं, दोन दिवस नीट बसता येत नव्हतं. त्याहून अवघड होता तिला केलेला फोन. तीन वेळा नंबर लावून कापला. ती रडली, पण दुसऱ्याच दिवशी तपासायला गेली. तिलाही होता. दोघांचे उपचार झाले. जखम दुखत नसेल तर उलट लवकर दाखवा.

कोकणस्थ_नाही_कोकणी
लिंगाच्या टोकाशी बारीक पुळ्यांची रांग दिसली. रेल्वेच्या डब्यातल्या "गुप्तरोग" वाल्या पत्रकावरच्या माणसाला चार हजार दिले. नंतर सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, या शरीराच्या नैसर्गिक ठेवणीच्या आहेत, रोग नाही. आजवर कधी निरखून बघितलंच नव्हतं.

३९वा_दिवस
सगळं वाचलं. आई रोज विचारते, जेवत का नाहीस. उद्या सकाळी आयसीटीसीत जातोय. केसपेपरवर काय लिहितात, बाहेर सगळ्यांसमोर नाव पुकारतात का?

धागाकर्ता
मला केसपेपरच्या खिडकीवर फक्त "खोली क्रमांक सांगा" म्हणाले. आत ताईंनी दार लावून घेतलं. तुमचं गुप्त ठेवणं त्यांना कायद्यानं बंधनकारक आहे, २०१७चा एचआयव्ही-एड्सचा कायदा आहे तसा. काहीतरी खाऊन जा, रांग असते. आल्यावर लिहा, मी जागा आहे.