मदत हवी आहे : ‘ब्रिंक’ला मराठीत काय म्हणाल?

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-बाबांना नेदरलँड्सच्या ड्रेन्थ प्रांतातलं ओर्व्हेल्ट दाखवायचंय. शेतकऱ्यांची छोटीशी वाडी, १९६७पासून संरक्षित. गवताने शाकारलेली लांबलचक घरं, पूर्वी माणसं नि गुरं एकाच छपराखाली. बाबा शेतकरी, नुसतं ‘छान आहे’ म्हणून भागणार नाही, आणि मी शब्दांपाशीच अडकलेय.

‘ब्रिंक’ म्हणजे तिथल्या गावातली, ओकची झाडं असलेली मोकळी जागा. रानात नेण्याआधी गुरं इथे गोळा करत, आणि ओकचं लाकूड घरांना वापरत. याला गोठण म्हणू की आखर? तुमच्याकडे काय म्हणतात?

दुसरं, ‘एस’ म्हणजे गावाची सामायिक शेतजमीन, पण प्रत्येकाचे पट्टे वेगळे. गायरान नक्कीच नव्हे. माळावरची गवताळ ढेकळं गोठ्यात अंथरायची, मेंढ्यांच्या लेंड्यांत मुरली की शेतात टाकायची. शतकानुशतकं असं करून जमीन चक्क उंच झाली! रासायनिक खत आल्यावर ते थांबलं. (आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात, ते बाबांना लगेच कळेल.)

या ‘एस’ला चपखल शब्द सुचवा. आणि तिथे कुणी वयस्कर मंडळींना नेलंय का? फार चालावं लागतं का?