चहा स्वस्त होणार होता, मग बॉस्टनकरांनी तो समुद्रात का टाकला?

राजारामपुरी: मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. 'करांच्या ओझ्यामुळे अमेरिकन वसाहती पेटल्या' असे मी वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले की १७७३ च्या चहा कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता, तर लोक चिडले कशावर? तिचे समाधान होईल असे उत्तर मला देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना दस्त: ताई, त्या मुलीने नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. इंग्लंडमधल्या रयतेच्या मानाने वसाहतींवरचा कर हलकाच होता. वाद कर किती याचा नव्हता, तो बसवायचा कोणी याचा होता.

सुरुवात चहापासून न करता १७६५ च्या स्टॅम्प कायद्यापासून करावी. सात वर्षांच्या युद्धाने ब्रिटनवर कर्जाचा डोंगर झाला होता आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा काही खर्च तिथल्या लोकांनी सोसावा, असे पार्लमेंटने ठरवले. मी दस्तलेखनाच्या कामात आयुष्य घालवले. कसबा बावड्याच्या कोर्टात पक्षकार पाचशेचा स्टॅम्प हातात घेऊन उलटसुलट पाहतो, तेव्हा मला हा कायदा आठवतो, कारण करारपत्र, दाव्याचे कागद, वर्तमानपत्र, इतकेच काय पत्त्यांचा जोडसुद्धा ठसा उमटवलेल्या कागदाखेरीज चालणार नव्हता, आणि त्याचे पैसे वसाहतीच्या कागदी चलनात नव्हे तर ब्रिटिश चलनात द्यायचे होते. झळ बसली ती वकिलांना आणि छापखानेवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनाच. वसाहतींची स्वतःची विधिमंडळे होती, कर तीच बसवत आली होती, आणि लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता.

पंचगंगेकाठी: वरील उत्तराला जोडून चहाविषयी लिहितो. स्टॅम्प कायदा १७६६ मध्ये रद्द झाला, पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आपला हक्क जाहीर केला. पुढे १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. १७७० मध्ये बाकीची उठवली, पण चहावरची पौंडामागे तीन पेन्सची मुद्दाम ठेवली, ती त्या हक्काची खूण म्हणून. त्यातच ईस्ट इंडिया कंपनी डबघाईला आली आणि तिच्या वखारीत पडून राहिलेला चहा खपावा म्हणून तिला थेट अमेरिकेत माल पाठवण्याची सवलत दिली गेली. स्वस्त चहा घ्यायचा म्हणजे तीन पेन्स भरून तो हक्कही मान्य करायचा. म्हणूनच १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या बॉस्टनच्या बंदरात रित्या झाल्या. (तो चहा चीनचा होता. आपल्याकडचा समजण्याची चूक पुष्कळजण करतात.)

सामानगड: मी गडहिंग्लज तालुक्यातला. ताई, मुलांना हे जवळून कळावे म्हणून १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव सांगा. किल्ल्याच्या राखणीच्या मोबदल्यात गडकरी पिढ्यान्‌पिढ्या इनाम जमिनी खात होते. कंपनीने नेमलेले दाजी कृष्ण पंडित कोल्हापूरचा कारभार पाहत असताना त्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपवली गेली, आणि त्या वर्षीच्या जुलैमध्ये सामानगड व भुदरगड उठले.

जुना दस्त: साम्य आहे, पण जपून सांगावे. बॉस्टनकरांपाशी ठराव करायला सभा होती आणि छापायला वर्तमानपत्र होते. गडकऱ्यांपाशी किल्ला आणि हत्यार एवढेच होते.

सामानगड: मान्य आहे, आणि तो किल्लाही त्यांच्यापाशी राहिला नाही. १ डिसेंबर १८४४ रोजी पन्हाळा इंग्रजांनी घेतला आणि त्याच वर्षी तिथला चार दरवाजा पाडला. सहल पन्हाळ्यावर जाईल तेव्हा मुलांना ती जागा दाखवा, अवशेष अजून आहेत.