सहा वर्षं एका संकेतस्थळावर लिहिलेलं सगळं परत कसं मागायचं?

प्रश्न

आई गेली त्याला आठ महिने झाले. तिला स्मृतिभ्रंश होता. सहा वर्षं मी तिचं सगळं केलं, आणि त्या काळात रात्री तिला झोप लागली की मी एका संकेतस्थळावर लिहीत बसायचे. घरात हाच आजार असलेल्या माणसांचा तो समुदाय आहे. वही-डायरी मी कधी ठेवली नाही. गोळी बदलल्यावर तिची झोप कशी बदलली, अंघोळीच्या पाण्याची तिला भीती कधीपासून वाटू लागली, तिने मला पहिल्यांदा ‘अक्का’ म्हणून हाक मारली ती रात्र (अक्का म्हणजे तिची मोठी बहीण), हे सगळं तिथेच आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

आता ते मला माझ्याजवळ हवंय. गेल्या महिन्यात सदस्यपानावर जाऊन एकेक प्रतिसाद कॉपी करायला लागले. एकशे चाळीस झाले आणि यादी संपली. तिथे शेवटच्या दोनेक वर्षांचंच दिसतं, आधीची चार वर्षं नाहीतच. शोधाच्या चौकटीत ‘अक्का’ टाकलं तर एक जुना धागा सापडला. म्हणजे लेखन आहे, पण माझ्या पानावरून तिथवर जायला वाट नाही.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांकडे ‘माझ्या खात्यावरची सगळी नोंद द्या’ असं मागता येतं का? कारण सांगावं लागतं का? मला ते अनोळखी माणसाला लिहिता येणार नाही. काही लेखन मी स्वतःच उडवलं होतं, दमून आणि चिडून आईबद्दल लिहिलेलं. तेही मिळेल का? आणि एका बाईंशी दोन वर्षं खाजगी निरोपांतून माझं बोलणं व्हायचं, त्यांच्या सासूबाईंना हाच आजार होता. त्यांचं खातं आता बंद दिसतं. त्यांची उत्तरं मिळतील का?

भीती एकाच गोष्टीची वाटते. अशी मागणी केली की मी खातं बंद करतेय असं समजून त्यांनी सगळं पुसून टाकलं तर?

प्रतिसाद १

ताई, आधी कॉपी करणं थांबवा. दोन छोट्या समुदायांची तांत्रिक बाजू मी बरीच वर्षं सांभाळली आहे, त्यावरून सांगतो.

यादी संपली म्हणून लेखन संपत नाही. पान पटकन उघडावं म्हणून सदस्यपानाच्या यादीला मर्यादा घातलेली असते. रेडिटवरसुद्धा आपल्या पानावरून साधारण शेवटच्या १००० नोंदींपलीकडे जाता येत नाही, पण रीतसर विदा (म्हणजे आपला साठवलेला डेटा) मागितला की त्याआधीच्या नोंदीही फाइलमध्ये येतात. तुमची चार वर्षं अशीच मागे कुठेतरी बसलेली असणार.

मेल लिहिण्याआधी खात्याच्या सेटिंग्जमध्ये नीट शोधा. ‘माझा विदा’, ‘संग्रह मागवा’, ‘निर्यात’, ‘गोपनीयता’, यांपैकी कुठल्याही नावाखाली ते बटण असू शकतं. डिस्कोर्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणारे समुदाय पुष्कळ आहेत. तिथे स्वतःचा संग्रह मागवला की झिप फाइल तयार होते आणि तिचा दुवा निरोपात येतो. तो दुवा ४८ तासच चालतो, त्यामुळे आला की लगेच उतरवून घ्या. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर असा संग्रह सात दिवसांतून एकदा मागता येतो. रेडिट आणि डिस्कॉर्डवर मागणी नोंदवून थांबावं लागतं, ३० दिवसांपर्यंत लागू शकतात.

आता तुमच्या भीतीबद्दल. नोंद मागणं आणि खातं बंद करणं या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पण सेटिंग्जमध्ये त्यांची बटणं पुष्कळदा एकाखाली एक असतात, आणि मेलमध्ये लोक दोन्ही एका दमात लिहितात, तिथे घोळ होतो. तुम्ही पहिल्याच ओळीत लिहा, ‘मला खाते बंद करायचे नाही आणि काहीही पुसायचे नाही.’ एका सदस्याने ‘माझं सगळं द्या आणि मग काढून टाका’ असं लिहिलं होतं. आमच्यातल्या एकाने त्यातलं दुसरं काम आधी केलं. त्या माणसाला मी काय उत्तर दिलं ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

प्रतिसाद २

कायद्याची बाजू मी सांगते, माझं रोजचं काम याच विषयातलं आहे.

संकेतस्थळ कुठून चालवलं जातं ते आधी पाहा, ‘गोपनीयता धोरण’ या पानावर लिहिलेलं असतं. युरोपीय संघातल्या संस्थेने चालवलेलं असेल तर जीडीपीआर, म्हणजे तिथला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, लागू होतो. तो २५ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याच्या १५व्या कलमानुसार माणसाला स्वतःबद्दलच्या माहितीची प्रत मागता येते. तो फक्त युरोपातल्या लोकांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. चालवणारी संस्था तिथली असेल तर मागणारा कुठे राहतो, कुठल्या देशाचा आहे, याने फरक पडत नाही. पहिली प्रत फुकट मिळते. उत्तर एका महिन्यात द्यायचं असतं. काम गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं त्यांनी पहिल्या महिन्यातच कळवायला हवं.

कारण सांगावं लागत नाही. युरोपीय न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात हे स्पष्ट केलंय. तो खटला एका रुग्णाने दंतवैद्याकडे मागितलेल्या स्वतःच्या नोंदींचा होता. त्याच वर्षी ४ मेच्या निकालात ‘प्रत’ या शब्दाचा अर्थही न्यायालयाने सांगितला: माहितीची हुबेहूब आणि समजेल अशी नक्कल. नुसता गोषवारा देऊन भागत नाही.

इतरत्र चित्र वेगळं आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे आणि ती आणखी ४५ दिवस वाढवता येते, पण तो हक्क तिथल्या रहिवाशांचा आहे आणि मोठ्या व्यवसायांपुरता. भारताच्या २०२३ च्या कायद्यातलं ११वं कलम मुख्यतः माहितीचा सारांश मागण्याचा हक्क देतं. तुम्हाला सारांश नकोय, शब्द हवे आहेत. म्हणून कायदा लागू होवो न होवो, मागणी नेमकी करा. छोटे समुदाय चालवणारी माणसं पुष्कळदा नुसत्या विनंतीवरही देतात.

तुम्ही उडवलेल्या लेखनाबद्दल: आपण उडवलं की ते पडद्यावरून जातं, साठ्यातून लगेच जातंच असं नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने फेसबुककडे आपली माहिती मागितली तेव्हा त्याला १,२२२ पानं मिळाली, आणि त्याने स्वतः पुसलेल्या गोष्टीही त्यात होत्या. तेव्हा ‘लपवलेले व काढून टाकलेले, पण साठ्यात असलेले लेखन’ असे शब्द मागणीत घालाच. न मागता ते कुणी शोधून देणार नाही.

त्या बाईंची उत्तरं मात्र मागू नका. ती त्यांची आहेत. १५व्या कलमातच लिहिलंय की प्रत देताना दुसऱ्याच्या हक्कांना बाधा येता कामा नये. पण त्यांनी तुम्हाला पाठवलेले निरोप तुमच्या निरोपपेटीत अजून दिसत असतील तर ते स्वतःपुरते जतन करायला काहीच हरकत नाही. एकेक संवाद उघडा आणि छपाईचा पर्याय वापरून पीडीएफ करून ठेवा. बाहेर कुठे देऊ नका.

मेलसाठी मसुदा देते, हवा तसा बदला:

‘मला माझे खाते बंद करायचे नाही आणि काहीही पुसायचे नाही. माझ्या खात्याखाली साठवलेल्या माझ्या वैयक्तिक माहितीची प्रत हवी आहे. तीत पुढील गोष्टी असाव्यात: खाते उघडल्यापासूनचे माझे सर्व लेख व प्रतिसाद, लपवलेले व काढून टाकलेले, पण साठ्यात असलेले लेखन, मी पाठवलेले खाजगी निरोप, प्रत्येक नोंदीची तारीख, वेळ, धाग्याचे शीर्षक आणि दुवा. प्रत संगणकावर उघडता येईल अशा फाइलच्या रूपात द्यावी. ओळख पटवण्यासाठी काही हवे असल्यास कळवावे.’

खातं ज्या पत्त्यावर नोंदवलंय त्याच मेलवरून पाठवा. सरकारी ओळखपत्राची प्रत आपणहून जोडू नका. त्यांना खरोखर शंका असेल तर ते विचारतील, आणि लॉगिन करून तिथून निरोप पाठवणं हा सहसा पुरेसा पुरावा असतो.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सेटिंग्जमध्ये तसं बटण नव्हतं. मसुदा जवळजवळ जसाच्या तसा पाठवला. धाग्याचं शीर्षक आणि दुवा मागायचं मला सुचलंच नसतं.

प्रश्नकर्ती (अकरा दिवसांनी)

फाइल आली! २,३१७ ओळी आहेत. सोबत दोन ओळींचा निरोप होता, जुन्या धाग्यांसाठी वेगळा शोध घ्यावा लागला म्हणून उशीर झाला, असा. त्या माणसाने कारण विचारलं नाही.

पण एक्सेलमध्ये उघडली तर माझं एकही अक्षर वाचता येत नाही. प्रत्येक शब्दाच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत. तारखेच्या जागी दहा आकडी संख्या. फाइल बिघडली आहे का? पुन्हा मागावी लागेल का? काल रात्री हे पाहिलं आणि रडूच आलं.

प्रतिसाद ३

बिघडलेली नाही, काळजी करू नका. पुन्हा मागायचीही गरज नाही. मराठी मजकुराच्या बाबतीत हे इतक्या वेळा होतं की जरा सविस्तर लिहितो.

फाइल युटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत आहे आणि एक्सेल ती दुसऱ्याच पद्धतीची समजून वाचतंय. आता उघडलेली फाइल काहीही जतन न करता बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जतन केलीत तर ती चिन्हंच कायमची होऊन बसतील. मूळ फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तिला हात लावू नका. मग एक्सेलमध्ये कोरी फाइल उघडा, ‘डेटा’ या टॅबवर जाऊन मजकुराची फाइल आयात करण्याचा पर्याय घ्या आणि फाइलचा उगम विचारतील तिथे युटीएफ-८, म्हणजे ६५००१, निवडा. अक्षरं लगेच दिसतील. लिब्रेऑफिस (एक्सेलसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) असेल तर अधिक सोपं, ते उघडतानाच विचारतं.

याच चौकटीत नोंदक्रमांकाच्या स्तंभाचा प्रकार ‘मजकूर’ ठेवा. १५ पेक्षा जास्त आकड्यांची संख्या एक्सेल नीट धरत नाही, शेवटचे आकडे शून्य करून टाकतं. मग तो क्रमांक देऊन कुठली नोंद शोधायला जाल तर सापडणार नाही.

दहा आकडी संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. तिला ८६४०० ने भागा, आलेल्या उत्तरात २५५६९ मिळवा आणि त्या सेलचा प्रकार तारीख-वेळ करा. एक उदाहरण करून बघा: १७००००००००चं उत्तर १४ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:१३ यायला हवं. संख्या तेरा आकडी असती तर आधी १००० ने भागावं लागलं असतं.

ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. तुम्ही राहता तिथली वेळ त्याहून जितकी पुढे किंवा मागे, तितका फरक करून घ्या. तुम्ही रात्री उशिरा लिहायचात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. तो फरक केला नाही तर तुमच्या कितीतरी रात्री चुकीच्या तारखेवर जातील.

प्रश्नकर्ती (तीन दिवसांनी)

अक्षरं दिसली. वेळेचा फरकही करून घेतला. तो केला नसता तर खरंच गोंधळ झाला असता. ‘अक्का’ची रात्र मी इतके दिवस तिच्या वाढदिवसाच्या आधीची धरून चालले होते. ती वाढदिवसाचीच निघाली, मध्यरात्र उलटून गेल्यावरची.

त्या बाईंचे निरोप माझ्या पेटीत आहेत. नावाच्या जागी आता ‘माजी सदस्य’ एवढंच दिसतं, पण मजकूर सगळा आहे. चौसष्ट निरोप. पीडीएफ करून ठेवले.

पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून एक सांगते. फाइलमध्ये फक्त आपलेच शब्द असतात. सलग वाचायला बसलं की फोनवर एकाच बाजूचं बोलणं ऐकल्यासारखं होतं. ‘हो, आमच्याकडेही असंच होतं’ असं मी लिहिलंय, पण कसं होतं आणि कुणाकडे, ते त्या ओळीत नाही. म्हणून दुव्याचा स्तंभ मागितलेला असलाच पाहिजे. मी आता एकेक धागा उघडून, आधी समोरच्याचं वाचून, मग माझं वाचते. वेळ लागतो. दिवसाला दहा-बारा धागे होतात.

उडवलेलंही मिळालं, तेवीस ओळी. त्यातली एक पहाटे तीनची आहे. त्या दिवशी आईने चौथ्यांदा कपडे काढून टाकले होते आणि मी तिच्यावर ओरडले होते, ते लिहिलं होतं. लगेच उडवलंही असणार, ते मला आठवत होतं आणि तेवढंच आठवत होतं. त्याखालच्या ओळीत, चाळीस मिनिटांनी, मी पुन्हा काहीतरी लिहिलेलं निघालं. ते मी उडवलेलं नव्हतं, आणि ते लिहिल्याचं मला मुळीच आठवत नव्हतं. तिथे मी विचारलंय, ज्या माणसाला सकाळी काहीच आठवणार नाही त्याची माफी कशी मागायची.

त्या ओळीतला दुवा उघडला. खाली नऊ उत्तरं आहेत. पहिलं पहाटे चारच्या आधीच आलेलं आहे. आज तीच वाचतेय.