मदत हवी आहे: भिगवणला काढलेले पक्ष्यांचे फोटो हलतायत, पांढरे पक्षी पांढरेफटक येतायत

नमस्कार मंडळी,
दिवाळीत कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ मिमी आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स. घेण्याचं कारण एकच, बाबा. कित्येक वर्षं ते गळ्यात दुर्बीण अडकवून भिगवणला जायचे, आता गुडघ्यांमुळे होडीत चढता-उतरता येत नाही, म्हणून म्हटलं आपण जावं आणि त्यांना घरबसल्या पक्षी दाखवावेत.

गेल्या रविवारी पहाटे पुण्याहून निघालो, सात वाजता कुंभारगावात होडीत बसलो. उजनीचं पाणी अगदी शांत होतं, रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, शेकाटे, डोक्यावरून पट्टकादंबांचा थवा गेला, मी सहाशेच्या वर फोटो काढले आणि रात्री टीव्हीला लावून दाखवायला बसले. एका सुरयाच्या (पाण्यावर उडणारा टर्न पक्षी) फोटोवर बाबांनी थांबवलं आणि विचारलं, चोच पिवळी होती का गं? फोटोत चोच म्हणजे नुसती पुसट रेघ. मला सांगताच येईना, फार वाईट वाटलं.

तर अडचणी अशा. उडणारा एकही पक्षी स्पष्ट नाही. मी पी मोडवर (शटरचा वेग वगैरे कॅमेराच ठरवतो) होते आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता, १०० वर पक्का केला होता, कारण आयएसओ कमी तितका फोटो स्वच्छ असं ऑफिसमधल्या एकाने सांगितलं होतं. माहिती उघडून बघितली तर बहुतेक फोटो १/२०० सेकंद शटर आणि एफ ५.६ (लेन्सचं छिद्र) चे आहेत. दुसरं म्हणजे पाण्यात उभे असलेले रोहित नुसते पांढरे ठिपके दिसतात, पिसं दिसतच नाहीत, आणि तेच आकाशात उडाले की काळे. एकाच सकाळी दोन्ही कसं काय? फोकसही कधीकधी मागच्या गवतावर बसलाय. मोठी लेन्स घ्यावी लागेल का? फोटो सुंदर नाही आले तरी चालतील, पण बाबांना पक्षी ओळखता आला पाहिजे.

प्रतिसाद १:
ताई, लेन्स आत्ता घेऊ नका, यातलं बरंचसं सेटिंगचं आहे. १/२०० मध्ये सुरयाचा पंख हलणारच. तुमच्या लेन्सला आयएस (थरथर कमी करणारी सोय) आहे पण ते फक्त हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवत नाही. कॅमेऱ्याची डायल Tv या खुणेवर (शटरचा वेग आपण ठरवायचा) ठेवा, उडणाऱ्यांसाठी १/१६००, उभ्या असलेल्यांसाठी १/५००, आयएसओ ऑटो आणि मेनूत त्याची मर्यादा ३२००. फोटोत थोडे दाणे (बारीक ठिपके) येतील, पण दाणेदार फोटोत चोचीचा रंग कळतो, हललेल्यात कळत नाही. फोकस एआय सर्वो (हलत्या पक्ष्यामागे फोकस बदलत राहतो) आणि फक्त मधला फोकस बिंदू, नऊच्या नऊ बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा जे जवळ किंवा ठळक दिसेल ते धरतो.

आता काळं-पांढरं. कॅमेऱ्याला रोहित कळत नाही, तो चौकटीतला एकूण उजेड मध्यम करू बघतो. गडद पाणी जास्त असलं की सगळं उजळवतो आणि त्यात पक्षी जळतो, म्हणजे पांढराफटक होतो, मागे उजळ आकाश असलं की सगळं अंधारवतो आणि पक्षी काळा होतो. म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) पाण्यावर वजा १, आकाशात अधिक १ करा. एव्ही लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि चक्र फिरवायचं. फोटो परत बघताना माहितीच्या स्क्रीनवर जळलेला भाग लुकलुकतो, पहिल्या दोन-चार फोटोंनंतर तेवढं तपासत जा.

प्रतिसाद २:
वरच्या सगळ्याशी सहमत. होडीवाल्या दादांना सांगा सूर्य पाठीशी ठेवा आणि थव्याच्या अलीकडेच इंजिन बंद करा, त्याची थरथर फोटोत उतरते. आणि कृपा करून थवा उडवायला सांगू नका, ते पक्षी खायला उतरलेले असतात. थांबलात तर आपणहून उडतात.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आज गच्चीवर पारव्यांवर १/१६०० करून बघितलं, पंखाची पिसं मोजता येतायत! बाबा स्क्रीन झूम करून बघत बसलेत. एकच राहिलं, थवा उठतो तेव्हा आधी मागे पाणी असतं आणि दोन सेकंदांत आकाश, वजाचं अधिक करायला वेळच मिळत नाही. तेव्हा काय करता?

प्रतिसाद १:
तेव्हा काही बदलू नका, वजाकडेच राहू द्या आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, नंतर सुधारता येणारी फाइल) काढा. अंधारलेला पक्षी नंतर बराच उजळता येतो, जळलेली पिसं परत येत नाहीत. फक्त रॉमध्ये सलग दहा-अकरा फोटोंनंतर हा कॅमेरा अडखळतो, म्हणून बटण दाबून धरू नका, दोन-दोन काढा. आणि सुरय एकाच वाटेने पाण्यावर घिरट्या घालतो, दोन फेऱ्या नुसत्या बघा, तिसऱ्या फेरीला चोच मिळेल.