गोपनीय सुनावणी : पीडितांना आधार की संस्थांना पांघरूण?

अनघा_क
न्यूझीलंडमध्ये २००८ ते २०१५ या काळात सरकारने एक गोपनीय सेवा चालवली. १९९२ पूर्वी सरकारी बालगृहांत, मनोरुग्णालयांत किंवा सरकारने नेमलेल्या पालकांकडे ज्यांचे हाल झाले, अशा १,१०३ प्रौढांचं म्हणणं न्यायाधीश कॅरोलिन हेनवुड यांच्या समितीने ऐकून घेतलं. उलटतपासणी नाही, पुराव्याची मागणी नाही. सोबत समुपदेशन, सरकारकडे असलेली स्वतःची जुनी फाइल मिळवायला मदत, आणि त्या व्यक्तीची इच्छा असेल तर पोलिसांशी गाठ घालून देणं.

अशी सेवा कायमची हवी, असं माझं ठाम मत आहे. पोलिस आणि भरपाईची कचेरी पहिल्याच भेटीत तारीख, जागा, नाव विचारतात. आठव्या वर्षी जे सोसलं त्याची तारीख चाळीस वर्षांनी आठवत नाही; खोलीच्या पडद्याचा रंग आठवतो. तिथेच माणूस अडखळतो, उठून जातो आणि पुन्हा फिरकत नाही.

प्रशांत_व
मला हे पटत नाही. गुप्तता शेवटी कुणाच्या पथ्यावर पडते ते आयर्लंडमध्ये दिसलं. बालसंस्थांत अत्याचार सोसलेल्यांसाठी तिथे २००२ मध्ये भरपाई कायदा झाला; त्याच्या कलम २८ ने अशी बंधनं घातली की पैसे मिळालेल्या माणसालाच आपली हकीकत उघडपणे सांगायची चोरी झाली. २०१९ मध्ये तर त्या भरपाईची कागदपत्रं ७५ वर्षं बंद ठेवण्याचं विधेयक आलं होतं. अनेक पीडितांनीच त्याला विरोध केला.

न्यूझीलंडच्या त्या सेवेला संस्थांना दोषी ठरवायचा अधिकार नव्हता. शेवटी २०१८ मध्ये शाही आयोग, म्हणजे सरकारने नेमलेली वरच्या दर्जाची जाहीर चौकशी, नेमावा लागलाच. १९५० ते २०१९ या काळात सरकारी किंवा धार्मिक संस्थांच्या संगोपनात असलेल्या सुमारे साडेसहा लाख लोकांपैकी सुमारे दोन लाख लोकांवर अत्याचार झाले, हा अंदाज त्या आयोगामुळे सगळ्यांपुढे आला. आणि गोपनीय जबानीत ज्याचं नाव आलं तो आजही मुलांमध्ये काम करत असेल, तर?

मृणाल_अभिलेख
फाइलीबद्दल थोडं सांगते, कारण सगळ्यात जास्त घात तिथे होतो. पाकीट एके दिवशी टपालाने येतं. आत निम्म्या ओळींवर काळी पट्टी, कारण इतरांची नावं दाखवता येत नाहीत. त्यात सख्ख्या भावंडांचीही नावं झाकली जातात. मुलाने केलेल्या तक्रारीपुढे ‘खोटं बोलतो’ असा शेरा असतो. हे घरी एकट्याने वाचायची वेळ कुणावर येऊ नये. फाइल आधी मदतनीसाने वाचावी, कुठल्या पानावर काय आहे ते सांगावं, आणि समुपदेशकाची वेळ ठरल्यावरच ती हातात द्यावी. झाकलेल्या मजकुराबद्दल फेरविचाराचा अर्ज करता येतो का, हेही तेव्हाच सांगावं. पाकिटावर खात्याचं नाव नको. फोन लागला नाही तर निरोप ठेवायचा की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. घरात अनेकदा कुणालाच काही माहीत नसतं.

अनघा_क
प्रशांत, आयर्लंडमध्ये कुलूपही सरकारचं होतं आणि किल्लीही. पीडिताने कुणालाही सांगावं. बंधन फक्त ऐकणाऱ्यावर असावं. संमती एकाच सहीत उरकू नये. टिपण ठेवायला वेगळी, पोलिसांना द्यायला वेगळी, अभ्यासासाठी वेगळी. आज एखाद्या मुलाला धोका असेल तर गुप्तता संपते, ही अट मात्र बोलायला सुरुवात करण्याआधीच सांगितली पाहिजे. मधेच कळली तर तो दगा ठरतो.

प्रशांत_व
एवढं मान्य. तरी दोन गोष्टी सुटतातच. कायद्याने स्पष्ट संरक्षण दिलं नसेल तर न्यायालय ती टिपणं मागवू शकतं. तेव्हा सेवेने दिलेला शब्द कुचकामी ठरतो. दुसरं, एकाच कर्मचाऱ्याचं नाव दोन पीडितांनी आपापल्या जबानीत घेतलं तर ते जुळवून पाहणारं कुणी हवं. जुळलं की दोघांनाही स्वतंत्रपणे विचारावं, ‘आता पुढे जायचं का?’ ही सोय नसेल तर माझा विरोध कायम.

सुहास_पाटणकर
यात वकीलही हवा, आणि तो ऐकणाऱ्या समितीपासून वेगळा. संस्थांत लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांसाठी असलेल्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय भरपाई योजनेत कमाल रक्कम दीड लाख डॉलर. आधी मिळालेली भरपाई त्यातून वजा होते. देकार आल्यावर निर्णयाला साधारण सहा महिने मिळतात, आणि तो स्वीकारला की त्या संस्थेवर दिवाणी दावा करता येत नाही. पैशाची निकड असलेला माणूस घाईत सही करतो. समुपदेशक इथे सल्ला देऊ शकत नाही, देऊही नये. अर्जाची मुदत ३० जून २०२७ ला संपते, म्हणून फाइल मागवणं आणि वकिलाची भेट ही दोन कामं एकदमच सुरू करावीत.