‘आधी बांधा, गर्दी मागून येईल’ हे मला पटत नाही

पलासियाकर

काल ‘माळवापुत्र’ यांनी इथे लिहिले की, आपल्यासारख्या वाढत्या देशाने पूल, रस्ते आणि मेट्रो यांवर हात आखडता घेणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे होय. आधी बांधावे, गर्दी मागून येते, आणि ज्यांची घरे-दुकाने मध्ये येतात त्यांनी चार दिवस कळ सोसावी. ते वाचून मी अस्वस्थ झालो. दोन ओळींत उत्तर देणे शक्य नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या इंदुरात निरंजनपूर ते राजीव गांधी चौक ही सुमारे साडेअकरा किलोमीटरची बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मधली मार्गिका, मे २०१३ मध्ये सुरू झाली. निवृत्त होईपर्यंत मी रोज पलासियाहून भंवरकुआपर्यंत त्या बसने जात असे. शेजारी मोटारींची रांग तुंबलेली असायची आणि आमची बस मधल्या मार्गिकेतून सरळ निघून जायची. कोचिंगची मुले, रुग्णालयात डबा घेऊन निघालेल्या बाया, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या असे सगळे त्या बसमध्ये दाटीने उभे असत. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मार्गिका काढण्यास मुभा दिली आणि रेलिंग कापायला सुरुवात झाली. ज्या थांब्यावर मी बारा वर्षे उभा राहिलो, तिथे कापलेल्या लोखंडी जाळ्या एकावर एक रचलेल्या पाहिल्या तेव्हा माझ्या पोटात कालवले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात मात्र हे बांधणेही वाढ म्हणून मोजले गेले आणि हे तोडणेही. असल्या वाढीवर माझा विश्वास नाही.

आता मेट्रोकडे पाहा. ३१ मे २०२५ रोजी सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या नव्या रस्त्यावरचा सुमारे सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा टप्पा सुरू झाला. पहिला आठवडा प्रवास मोफत होता, तेव्हा गर्दी झाली. नंतर नातवाला घेऊन मी गेलो तेव्हा आमच्या डब्यात आम्हां दोघांसह नऊ माणसे होती आणि खिडकीतून बराच वेळ मोकळे भूखंडच दिसत होते. मंजुरीच्या वेळी एकूण प्रकल्प सुमारे ३१ किलोमीटरचा आणि ७,५०० कोटी रुपयांचा होता. त्यात आशियाई विकास बँकेचे आणि न्यू डेव्हलपमेंट बँकेचे कर्ज आहे. डबे भरलेले असोत की रिकामे, हप्ता फेडावाच लागतो. जिथे माणसे उभी होती तिथली बस आपण काढली आणि जिथे माणसे यायची आहेत तिथे रेल्वे नेली. हा क्रम उलटा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

माळवापुत्र

काका, आपल्या वयाचा मान राखून लिहितो, पण आपण सहा किलोमीटर पाहून ३१ किलोमीटरांचा निकाल लावत आहात. उंबरठ्यावर उभे राहून घर लहान आहे, असे कोणी म्हणत नाही. मेट्रो राजवाडा आणि रेल्वे स्थानकापर्यंत पोहोचली नाही, तोवर तिच्यात कोण बसणार? हे अपुरेपण लवकर संपवावे, ही मागणी मी समजू शकतो. कामच चुकले, हे मात्र मला मान्य नाही.

आपण ज्या नर्मदेचे पाणी रोज पिता, तिचाच दाखला घ्या. नर्मदाकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ अर्धा किलोमीटर उंची चढवून पाणी इंदुरात आणायचे, ही कल्पना कोणत्या जमाखर्चाच्या वहीत बसली असती? १९७० मध्ये या शहराने त्यासाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये पहिल्या टप्प्याचे पाणी आले. माझी आई सांगते की, त्याआधी उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून नळापाशी हंडे-कळशांची ओळ लावावी लागे आणि ओळीत आपली जागा राहावी म्हणून आजी कळशीच्या कानाला तांबडी चिंधी बांधून ठेवत असे. तेव्हा ‘आधी माणसे येऊ द्या, मग पाणी आणू’ असे म्हणणाऱ्यांचे ऐकले असते, तर आज हे शहर उभेच राहिले नसते. पाणी आले म्हणून वस्त्या वाढल्या, आणि वस्त्या वाढल्या म्हणून टीसीएस, इन्फोसिस सुपर कॉरिडॉरवर आल्या.

खासगी उद्योजक धजावत नाहीत, तेव्हा सरकारलाच पुढे व्हावे लागते. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी रुपये ठेवले, ते याच कारणाने.

निवृत्त अभियंता

दोघांचेही वाचले. नर्मदेची तुलना मला अपुरी वाटते, कारण पाण्याची गरज तेव्हा समोर उभी होती. हंड्यांची ओळ हाच त्याचा पुरावा होता. मेट्रोच्या बाबतीत तशी ओळ आज बसथांब्यावर आहे, सुपर कॉरिडॉरवर नाही.

तरीही माझा रोख वेगळ्याच गोष्टीकडे आहे. मी सारी नोकरी सार्वजनिक कामांत काढली. नव्या कामाला कर्ज मिळते, अनुदान मिळते, नारळ फोडायला पाहुणे मिळतात. त्याच कामाच्या देखभालीचा पैसा मात्र महसुली खात्यातून, म्हणजे पगार आणि वीजबिले भागवून उरलेल्या रकमेतून काढावा लागतो, आणि ती रक्कम बहुधा उरतच नाही. मग पुलाच्या सांध्यातला रबर वेळेवर बदलला जात नाही, पाणी आत शिरते, लोखंड गंजते, आणि काही हजारांत होणारे काम दहा वर्षांनी काही कोटींचे होते. मी स्वतः एका लहान पुलाच्या सांध्यांसाठी तीन वर्षे टिपणे पाठवली. चौथ्या वर्षी पूल जड वाहनांना बंद करावा लागला आणि त्याच वर्षी शेजारच्या नव्या पुलाला मंजुरी आली. ती फाईल आजही माझ्या डोळ्यांपुढे येते.

चांगले उदाहरणही देतो, म्हणजे मला केवळ कुरकुर करणारा समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, सामान्य लोकांसाठी खुले केले. व्याज ८.२५ टक्के होते आणि मागणी रकमेच्या कितीतरी पट आली. मी माझ्या पुंजीतले थोडे पैसे त्यात घातले. तिथे हिशेब सरळ आहे: नर्मदेचे पाणी चढवणाऱ्या पंपांचे वीजबिल कमी होईल, त्या बचतीतून व्याज जाईल. प्रत्येक प्रकल्पाला असा एक साधा प्रश्न विचारा की, परतफेड नेमकी कशातून होणार.

राजेंद्रनगरची सून

आपण सगळे मेट्रोवर लिहीत आहात, पण आपल्या मराठी घरांचा खरा प्रश्न मनमाडला जाणारा नवा लोहमार्ग आहे आणि त्यावर कोणी शब्द काढत नाही. माझे माहेर मालेगाव. नकाशावर इंदूर आणि मालेगाव जवळ दिसतात. रेल्वेने महाराष्ट्रात जायचे तर पुण्याची गाडी रतलाम, बडोदे, वसई असा गुजरातचा वळसा घालते, म्हणून आम्ही बसनेच जातो.

चार वर्षांपूर्वी पहाटे भावाचा फोन आला की, बाबांचे बरे नाही, लगेच निघ. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात ट्रक उलटला होता. मागे-पुढे गाड्यांची रांग, फोनला रेंज नाही, मुलगा मांडीवर झोपलेला. आम्ही तिथे पाच तास अडकलो. मी पोहोचले तेव्हा बाबांना खाली उतरवून ठेवले होते आणि माणसे माझ्यासाठी थांबली होती. त्यांचे पाय अजून कोमट असतील, असे मला उगाच वाटले होते. नव्हते.

इंदूर-मनमाड मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानके, पूर्ण होण्याचे वर्ष २०२८-२९. यासाठी कर्ज काढा, माझ्यावर कर लावा, पण हे काम करा. ज्यांना ‘गरज दाखवा’ असे म्हणायचे आहे, त्यांनी एकदा पावसाळ्यात तो घाट उतरून दाखवावा.

पलासियाकर

ताई, आपले दुःख वाचून काय लिहावे ते सुचले नाही. मनमाडच्या मार्गाला माझा विरोध नाही, कधीही नव्हता. पण मला मंजुरीची तारीख ऐकून आनंद होत नाही, कारण इंदूर-दाहोद मार्गाची कोनशिला २००८ मध्ये बसली. सुमारे २०५ किलोमीटरचा तो मार्ग, आणि कोनशिलेच्या वर्षी जन्मलेली मुले आता महाविद्यालयात गेली तरी धार-झाबुआच्या लोकांना गाडी मिळालेली नाही. पैसा दहा ठिकाणी थोडाथोडा वाटला की दहाही कामे अर्धवट राहतात, आणि अर्धवट कामावर घातलेला रुपया काहीच देत नाही. मेट्रोचा प्रश्न म्हणूनच आपल्या प्रश्नाला जोडलेला आहे.

माळवापुत्र

हे बरोबर नाही. मेट्रोचा पैसा रेल्वेला गेला असता, असे भासवणे चूक आहे. ती खाती वेगळी आणि कर्जेही वेगळी. दाहोदचे काम रखडले ते वनजमीन, बोगदा, भूसंपादन आणि वर्षानुवर्षे मिळालेली तोकडी तरतूद यांमुळे. म्हणजे कमी गुंतवणुकीचे उदाहरण आपण जास्त गुंतवणुकीच्या विरोधात वापरत आहात!

ज्या खंडव्याच्या लोहमार्गाने इंदूर जगाशी जोडले गेले, त्यासाठी दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये ब्रिटिशांना एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीने कर्जाऊ दिले होते. एका संस्थानिकाकडे शंभर वर्षांची नजर होती आणि आपण सहा महिन्यांच्या प्रवासीसंख्येवर भांडत आहोत, याची मला लाज वाटते.

निवृत्त अभियंता

तुकोजीरावांचे नाव घेतलेत तर व्यवहारही पूर्ण पाहा. तिथे इंदूर सावकार होते, कर्जदार नव्हते. व्याज इंदूरच्या खजिन्यात येणार होते. आणि ती मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, पातालपाणी-कालाकुंडचा घाट उतरून नर्मदा ओलांडत होती. आता तिचे रुंदीकरण काढले आहे, तर तेही काम अजून पूर्ण झालेले नाही. खंडव्याला थेट रेल्वेने जाणारे इंदूर आज त्या बाबतीत माझ्या लहानपणापेक्षा मागे आहे.

ताईंच्या मुद्द्याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. घाटातली लहान सुधारणासुद्धा किती जीव वाचवते, हे आपण धार जिल्ह्यातल्या गणपती घाटात पाहिले. तिथे ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी वर्षानुवर्षे माणसे मारली आणि शेवटी वेगळा वळणरस्ता काढल्यावर उतार सुसह्य झाला. अशा कामाची जाहिरात फारशी होत नाही.

जुने इंदूर

मी सहसा लिहीत नाही, पण ‘चार दिवस कळ सोसावी’ हे वाक्य माझ्या घशात अडकले आहे. जुन्या शहरातल्या एका रस्त्याच्या रुंदीकरणात आमच्या घराचे पुढचे नऊ फूट गेले. वडिलांचे दुकान त्या नऊ फुटांतच होते. मागे उरला तो अर्धा देवघराचा कोनाडा. आजीने लावलेल्या शेंदराचा डाग येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्यावरून दिसत असे. रोख मोबदला मिळाला नाही, वर जास्त बांधण्याची सवलत मिळाली. ज्याच्या खालच्या भिंतीलाच टेकू लावावा लागतो, त्याने वर काय बांधायचे? वडील रोज सकाळी खुर्ची घेऊन त्या कोनाड्यापाशी बसत. ते चार दिवस नव्हते, सहा वर्षे होती. आज त्या रस्त्यावर रुंद झालेल्या भागात मोटारी उभ्या असतात.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते फाडून काढू नका, मोडकळीस आलेली मोजकी घरे काढा, लहान चौक मोकळे करा, नद्या स्वच्छ करा, असा त्यांचा विचार होता. शंभर वर्षांहून जुना सल्ला आमच्याच शहरासाठी लिहिलेला आहे आणि माळवापुत्र आम्हांला कळ सोसायला सांगतात. आपले एक वीतभर अंगण तरी कधी गेले आहे का?

माळवापुत्र

नाही, गेलेले नाही. ते वाक्य मी लिहायला नको होते. ते मागे घेतो. मोबदला रोख आणि आधी मिळाला पाहिजे, हेही मान्य करतो. मात्र रुंदीकरणच नको, हे मी मानणार नाही. रुग्णवाहिका शिरू शकत नाही अशा गल्लीत माझा मामा गेला. तेही एक घरच होते.

जुने इंदूर

रुग्णवाहिकेसाठी नऊ फूट दिले असते. मोटारी उभ्या करायला दिलेले नाहीत.

राजेंद्रनगरची सून

सगळ्यांना विनंती आहे की, पुन्हा मनमाडकडे या. भूसंपादनाचा मोबदला वेळेवर मिळाला तर शेतकरी अडवणार नाहीत, आणि तो रखडला तर आपला मार्गही दाहोदच्या वाटेने जाईल. आपण इथले मराठी लोक निवेदन कोणाला द्यायचे आणि किती सह्या जमवायच्या, ते कोणी सांगेल का? मी राजेंद्रनगरातल्या घरोघरी जायला तयार आहे.

निवृत्त अभियंता

निवेदनाचा मसुदा मी करतो. त्यात फक्त एकच मागणी ठेवू: दर तिमाहीला किती हेक्टर जमीन ताब्यात आली आणि किती रुपये खर्च झाले, ते जाहीर व्हावे. मागण्या दहा केल्या की उत्तर एकाचेही येत नाही.

पलासियाकर

सह्यांसाठी पलासिया आणि टिळकनगर माझ्याकडे. माळवापुत्र, खाती वेगळी असतात हा आपला मुद्दा मी नाइलाजाने मान्य करतो. बीआरटीएस काढली ते योग्य झाले, हे मात्र मरेपर्यंत मान्य करणार नाही.

माळवापुत्र

मीही त्याबाबत आपल्याला पटवायचे सोडले आहे. मेट्रोच्या डब्यात किती माणसे असतात ते आपण एकट्याने मोजलेत, म्हणून मला ते पुरावा वाटत नाही. या रविवारी सकाळी गांधीनगर स्थानकावर मी येतो. दोघे मिळून मोजू.

पलासियाकर

रविवारी नको, तेव्हा लोक मुलांना फिरवायला येतात. बुधवारी सकाळी नऊ वाजता या. मी वही आणतो.